दुष्काळ मोजतात कसा? पर्जन्यमापकापासून टँकरपर्यंत

पूर आला की तो साऱ्यांना दिसतो. त्याची तारीख सांगता येते, पाणी कोठवर चढले याची खूण भिंतीवर राहते. दुष्काळाचे तसे नसते. तो कोणत्या दिवशी आला हे कोणालाच सांगता येत नाही. जूनमध्ये पेरलेले उगवले, जुलैत पावसाने दडी मारली, ऑगस्टमध्ये पिकांनी माना टाकल्या, दिवाळीनंतर विहिरींचा तळ दिसू लागला आणि मार्चमध्ये गावात टँकर आला. यांतील नेमक्या कोणत्या टप्प्यावर ‘दुष्काळ’ म्हणायचे, हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. शेतकऱ्याची कर्जवसुली थांबणार की नाही, मुलांचे परीक्षा शुल्क माफ होणार की नाही आणि केंद्राच्या तिजोरीतून मदत येणार की नाही, हे सारे त्या एका शब्दावर अवलंबून असते. तो शब्द उच्चारण्यापूर्वी शासनाच्या अनेक यंत्रणा आपापल्या मोजपट्ट्या लावत असतात. या मोजपट्ट्या कोणत्या, त्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याचा हा आढावा.

आणेवारीचा वारसा

महाराष्ट्रात दुष्काळ मोजण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत परिचित पद्धत म्हणजे आणेवारी. ब्रिटिश अमदानीत जमीन महसुलात सूट द्यायची की नाही हे ठरविण्यासाठी ती रूढ झाली. पीक सोळा आणे आले तर पूर्ण, आठ आणे आले तर निम्मे, असा तो सरळ हिशेब. दशमान पद्धत आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली. बोलण्यात मात्र दोन्ही शब्द आजही चालतात. गावातील प्रमुख पिकांचे नमुना भूखंड निवडून कापणी प्रयोग करायचे, निघालेल्या उत्पादनाची प्रमाण उत्पादनाशी तुलना करायची आणि गावाची पैसेवारी काढायची, ही तिची रीत. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित पैसेवारी ऑक्टोबरअखेर आणि अंतिम पैसेवारी डिसेंबरात जाहीर होते. ती ५० पैशांपेक्षा कमी आली, की गाव टंचाईग्रस्त मानले जाई.

या पद्धतीची मुख्य उणीव तिच्या वेळापत्रकातच होती. अंतिम आकडा हाती येईपर्यंत पीक शेतातून निघून गेलेले असे आणि शेतकऱ्याने पहिले कर्ज काढून झालेले असे. शिवाय पैसेवारी पिकाचे उत्पादन मोजते. पिण्याचे पाणी किती उरले, हे तिच्यात येत नाही. ५० पैसे आणि ५१ पैसे यांतील सीमारेषेवर गावोगावी वाद होत, तक्रारी होत. तरीही एक गोष्ट तिच्या बाजूने होती. ती गावपातळीवर, गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत काढली जात असे.

निकष बदलले ते २०१६ नंतर

केंद्र सरकारने दुष्काळ व्यवस्थापनाची पहिली संहिता २००९ मध्ये काढली. सलग दोन वर्षांच्या अवर्षणानंतर ‘स्वराज अभियान’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये निकाल दिला. ही संहिता वर्षअखेरपर्यंत सुधारावी, दुष्काळ जाहीर करण्याचे निकष स्पष्ट असावेत, असे त्यात बजावण्यात आले. त्यानुसार डिसेंबर २०१६ मध्ये सुधारित संहिता आली आणि महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये शासन निर्णय काढून ती स्वीकारली. पैसेवारी आजही काढली जाते; मात्र दुष्काळ जाहीर करण्याचा तो आधार राहिलेला नाही.

नव्या पद्धतीत तालुका हा घटक आहे आणि तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी पावसाची. सरासरीच्या तुलनेत तूट किती आणि पावसात सलग किती दिवसांचा खंड पडला, हे येथे पाहतात. तीन ते चार आठवडे पाऊस सरासरीच्या निम्म्याहूनही कमी झाला, तर तो खंड दखलपात्र ठरतो. ही पायरी ओलांडणारे तालुके दुसऱ्या पायरीवर येतात. तेथे चार बाबी तपासल्या जातात. पेरणीखालील क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि जलस्थिती, म्हणजे धरणांतील साठा, भूजल व नद्यांचा प्रवाह. या दोन्ही पायऱ्या पार झाल्या की तिसरी पायरी प्रत्यक्ष पाहणीची. तालुक्यातील दहा टक्के गावे निवडून शेतांची तपासणी होते आणि मग दुष्काळ मध्यम की गंभीर, हे ठरते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतील मदतीचा दरवाजा गंभीर दुष्काळासाठीच उघडतो.

या चाळण्यांतून काय घडते, याचे उदाहरण २०१८ चे. त्या वर्षी २३ ऑक्टोबर रोजी १८० तालुक्यांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली. पाहणीनंतर ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांपैकी ११२ तालुक्यांत तो गंभीर आणि ३९ तालुक्यांत मध्यम होता. २०२३ मध्ये ३१ ऑक्टोबर रोजी केवळ ४० तालुके या निकषांत बसले, त्यांतील २४ गंभीर व १६ मध्यम. लगतच्या तालुक्यांतून असंतोष उमटला आणि दहाच दिवसांत राज्य सरकारने आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करून सवलती लागू केल्या. ‘दुष्काळ’ आणि ‘दुष्काळसदृश’ हे शब्द वाचणाऱ्याला सारखेच वाटतात. प्रशासनात मात्र पहिला केंद्रीय संहितेतला आहे, तर दुसरा राज्याने आपल्या अधिकारात वापरलेला आहे.

पाऊस मोजणारे हात

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. हवामानाच्या दृष्टीने राज्याचे कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग मानले जातात. सरासरीपेक्षा १९ टक्के कमी-अधिक पाऊस झाला तर तो ‘सामान्य’, २० ते ५९ टक्के तूट असेल तर ‘अपुरा’ आणि ६० टक्क्यांच्या पुढे तूट गेली तर ‘अत्यंत अपुरा’ अशी वर्गवारी आहे. हवामान विभागाने २०१६ पासून देशाच्या पावसाबाबत ‘दुष्काळी वर्ष’ ही संज्ञा वापरणेही थांबविले. पाऊस किती पडला एवढेच हा विभाग सांगतो. दुष्काळ जाहीर करणे हे राज्य सरकारचे काम आहे.

सरासरीचा आकडा फसवा असू शकतो. १९ टक्के तूट ही ‘सामान्य’ गणली जाते. पण कोकणात जेथे हंगामात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेथे या तुटीने फारसे बिघडत नाही. मराठवाड्यात हंगामाचा पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरात असतो. तेथे तेवढीच तूट सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या वेळी पडली, तर हंगाम हातचा जातो. सप्टेंबरमध्ये दोन दिवसांत मुसळधार पाऊस कोसळून कागदावरची सरासरी भरून निघते, तोवर पीक करपलेले असते. ‘सरासरी गाठली’ या बातमीचा आणि शेतातल्या चित्राचा मेळ बसत नाही तो यामुळेच. म्हणूनच नव्या संहितेत तुटीबरोबर खंडालाही स्थान मिळाले. त्याचप्रमाणे प्रमाणित पर्जन्य निर्देशांक वापरला जातो. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये तो मांडला. त्या ठिकाणच्या पावसाच्या दीर्घकालीन नोंदींच्या तुलनेत यंदाची तूट किती असाधारण आहे, हे तो सांगतो. त्यामुळे महाबळेश्वर आणि माण यांच्या पावसाची तुलना एका पट्टीवर करता येते.

पूर्वी पाऊस तालुक्याच्या ठिकाणी मोजला जाई आणि तोच साऱ्या तालुक्याचा मानला जाई. ‘महावेध’ प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांची संख्या आज दोन हजारांवर आहे. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग यांची नोंद तेथे होते. पीक विम्याचे दावेही या नोंदींवर उभे राहतात. त्यामुळे एखादे केंद्र झाडाखाली आले किंवा बंद पडले, तर शेकडो शेतकऱ्यांचा हिशेब चुकू शकतो.

आकाशातून दिसणारे शिवार

पिकाची प्रकृती उपग्रहाला कळते ती प्रकाशाच्या परावर्तनावरून. निरोगी हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत पाठविते. पान सुकू लागले की हे प्रमाण बदलते. या दोहोंच्या गुणोत्तरातून वनस्पती निर्देशांक काढला जातो आणि आधीच्या वर्षांतील त्याच पंधरवड्याच्या निर्देशांकाशी ताडून पाहिला जातो. देशपातळीवर १९८९ पासून हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने हे काम सुरू केले. २०१२ मध्ये दिल्लीत महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र सुरू झाले आणि ती जबाबदारी त्याच्याकडे आली. राज्यात नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र हे काम पाहते. २०१८ च्या दुष्काळात याच केंद्राची ‘महामदत’ ही संगणकप्रणाली तालुकानिहाय निष्कर्षांसाठी वापरण्यात आली.

या तंत्राने वेळ वाचतो आणि मनमानीला आळा बसतो, हे खरे. पण उपग्रहाला हिरवे दिसणारे सारेच पीक नसते. पावसाळ्यात बांधावरचे गवत आणि तणही हिरवे दिसते. ढगाळ दिवसांत चित्रे मिळण्यात अडथळे येतात. धरणाच्या लाभक्षेत्रातील उसाच्या पट्ट्यामुळे तालुक्याचा सरासरी निर्देशांक समाधानकारक येतो आणि त्याच तालुक्याच्या माथ्यावरची कोरडवाहू गावे त्या सरासरीत झाकली जातात. प्रत्यक्ष पाहणीची तिसरी पायरी ठेवण्यामागे हेच कारण आहे.

जमिनीखालचा हिशेब

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग बेसाल्ट या काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. वाळूच्या थरांसारखी विस्तीर्ण भूमिगत तळी येथे नाहीत. त्यामुळे एका विहिरीला पाणी आणि शंभर पावलांवरची दुसरी कोरडी, असे सर्रास दिसते. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा या पाण्याचा हिशेब ठेवते. राज्याची १,५३१ पाणलोट क्षेत्रांत विभागणी करून तेथील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजली जाते. पावसाळ्यानंतरची नोंद सर्वांत निर्णायक असते. ही पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून एक ते दोन मीटर, दोन ते तीन मीटर आणि तीन मीटरपेक्षा अधिक घट झालेले तालुके व गावे वेगळी काढली जातात. कोणत्या गावाला ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च की एप्रिल-जून या काळात टंचाई भासेल, याचा अंदाज त्यावरून बांधला जातो.

म्हणजे मे महिन्यात कोणत्या गावात टँकर लागेल, हे शासनाला बऱ्याच अंशी दिवाळीच्या सुमारासच ठाऊक असते. त्यानंतर उपसा रोखण्याचा प्रश्न येतो आणि घोडे अडते ते तेथे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यास कायद्याने मनाई आहे. प्रत्यक्षात टंचाई दिसू लागली की विंधन विहिरींची यंत्रे गावोगाव फिरू लागतात आणि प्रत्येक नवे छिद्र आधीच्यापेक्षा खोल जाते.

धरणसाठ्याचे आकडे वाचताना

शहरी वाचकाला दुष्काळ कळतो तो धरणसाठ्याच्या आकड्यांतून. जलसंपदा विभाग मोठ्या, मध्यम आणि लघु प्रकल्पांचा साठा दररोज जाहीर करतो. केंद्रीय जल आयोग देशातील दीडशेहून अधिक मोठ्या जलाशयांची माहिती दर आठवड्याला देतो. हे आकडे टीएमसी अथवा दलघमीत असतात. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. तेवढ्यात सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर, म्हणजेच जवळपास २,८३२ कोटी लिटर पाणी मावते.

धरणातील साठ्याचे दोन भाग असतात. विमोचकाच्या पातळीच्या वर असलेला तो उपयुक्त साठा, खालचा तो मृत साठा. जाहीर होणारी टक्केवारी सहसा उपयुक्त साठ्याची असते. पैठणच्या जायकवाडी धरणाची एकूण क्षमता सुमारे १०३ टीएमसी आहे. त्यांपैकी उपयुक्त साठा सुमारे ७७ आणि मृत साठा २६ टीएमसी. सोलापूर जिल्ह्यातील उजनीचे गणित आणखी वेगळे आहे. तेथे ११७ टीएमसीपैकी तब्बल ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृत साठ्यात आहे. म्हणूनच उजनीचा साठा ‘उणे’ जाऊ शकतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला. याचा अर्थ धरण कोरडे पडले असा नाही. उपयुक्त साठ्याच्या निम्म्याहून अधिक पाणी मृत साठ्यातून उपसावे लागले, असा आहे. या साठ्यात गाळाचेही प्रमाण असल्याने कागदावरचे सारे पाणी हाती येत नाही.

मुंबईची गोष्ट निराळी. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांची एकत्रित क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर असून, तिचा जवळपास निम्मा भाग एकट्या भातसाचा आहे. १ ऑक्टोबरला हे तलाव काठोकाठ भरलेले असले, तर वर्ष निभावते. तसे नसेल तर कपातीची तलवार टांगती राहते. २०२४ मध्ये मे अखेरीस पाच आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दहा टक्के कपात लागू करावी लागली.

वरचे पाणी, खालचे पाणी

साठ्याचे आकडे केवळ माहितीपुरते नाहीत. त्यांवर प्रदेशांचे हक्क ठरतात. गोदावरी खोऱ्यात नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील धरणे वर आणि जायकवाडी खाली. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा २००५ चा. त्यात टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे. मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. त्याचा गाभा असा, की १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. तेव्हा एका बाजूला विरोधाची आणि दुसऱ्या बाजूला विलंबाविरोधातली आंदोलने झाली. कोरड्या नदीपात्रातून वाहताना काही पाणी मुरते, काही वाटेत उपसले जाते आणि सोडलेल्यापेक्षा कमी पाणी पैठणला पोहोचते. १५ ऑक्टोबरच्या सकाळी नोंदलेला एक आकडा अशा रीतीने दोन प्रदेशांच्या रब्बी हंगामाचा निवाडा करतो.

टँकर हा शेवटचा आकडा

टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते जून या काळासाठी तीन टप्प्यांत आखला जातो. विंधन विहिरी घेणे, नळ योजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरत्या पूरक नळ योजना, विहिरी खोल करणे व गाळ काढणे, बुडक्या घेणे, खासगी विहिरींचे अधिग्रहण आणि सर्वांत शेवटी टँकर, असा उपायांचा क्रम आहे. मे २०१९ मध्ये राज्यातील टँकरची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली होती. टँकरने द्यायच्या पाण्याचा मापदंड ग्रामीण भागात माणशी दररोज २० लिटरचा आहे. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी तोच मापदंड १३५ लिटरचा आहे.

लातूरने २०१६ मध्ये या दोन्ही मापदंडांच्या खालचा तळ पाहिला. मांजरा धरण आटले, पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागू झाली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले. पुढे पन्नास वाघिणींतून एका फेरीत २५ लाख लिटर येऊ लागले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांवर होती. म्हणजे एका फेरीचे पाणी समान वाटले तरी माणशी साडेसहा लिटरच पदरात पडत होते. साठा घटत असल्याचे आकडे त्याआधी कित्येक महिने दररोज नोंदले जात होते.

जाहीर झाल्यावर काय मिळते?

दुष्काळ जाहीर झाला की ठरावीक सवलती लागू होतात. जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत शिथिलता, आवश्यक तेथे टँकर आणि टंचाईग्रस्त गावांत कृषिपंपांची वीजजोडणी खंडित न करणे, अशा या आठ सवलती आहेत. ३३ टक्के व त्याहून अधिक पीकहानी झालेल्यांसाठी निविष्ठा अनुदानाचे निकष वेगळे आहेत. रोजगार हमीची कल्पना मुळात १९७२ च्या दुष्काळात याच राज्याने राबविली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे ती देशाने उचलली.

मोजमापाचा उपयोग केवळ सवलतींसाठी नसतो, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखवून दिले. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने हे गाव पाऊस स्वतः मोजते आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडते. पिण्यासाठी व जनावरांसाठी किती, शेतीसाठी किती आणि यंदा कोणती पिके घ्यायची नाहीत, हे त्यावरून ठरते. शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास गावाने स्वतःहून मनाई केली आहे. आकडा येथे तालुक्याच्या कचेरीत जाण्याआधी गावाच्या पारावर येतो.

पर्जन्यमापक, उपग्रह, निरीक्षण विहीर आणि धरणावरची मोजपट्टी, या साऱ्या यंत्रणा आज राज्यात आहेत. जुलैतील पावसाचा खंड, ऑक्टोबरमधील भूजल पातळी आणि १५ ऑक्टोबरचा धरणसाठा, हे तीन आकडे एकत्र वाचले तर पुढचा मे महिना कसा जाणार याचे चित्र सहा महिने आधी डोळ्यांपुढे उभे राहते. उसाला किती पाणी द्यायचे, शहरांची कपात केव्हा सुरू करायची, चारा कोठून आणायचा, याचे निर्णय त्याच वेळी घ्यायचे असतात. ते लांबले की फक्त टँकरची संख्या मोजणे हाती उरते.